व्हिक्टर मिस्किटांच्या सह्या

व्हिक्टर मिस्किटांना मी पहिल्यांदा नाही म्हटलं ते २०१६च्या ऑगस्टमध्ये. दादरच्या आमच्या शाखेत मी तेव्हा कर्ज विभागात होते. टेबलापलीकडच्या दोन खुर्च्यांवर ते आणि त्यांची मुलगी कॅरिसा बसले होते. छप्पन्न वर्षांचा, उंच, किंचित पोक आलेला माणूस. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि ओठांवर मधोमध एक गोल घट्टा. तो ट्रंपेटचा, हे मला नंतर कळलं.

कॅरिसाला नवी मुंबईतल्या एका खाजगी कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला होता. कोर्स साडेचार वर्षांचा. फी, पुस्तकं, जाणंयेणं धरून सहा लाख ऐंशी हजारांचा खर्च. मार्क चांगले होते, प्रवेश मेरिटवर होता. एवढ्या रकमेला तारण लागत नाही, आणि ते एका अर्थी बरंच, कारण पोर्तुगीज चर्चमागच्या गल्लीत मिस्किटांची एक खोली होती तीही पागडीची, म्हणजे गहाण ठेवता न येणारी. पण शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, आणि त्यांचं उत्पन्न कागदावर दिसावं लागतं. मी त्यांना पगाराची स्लिप विचारली, नसेल तर इन्कम टॅक्सचे रिटर्न, तेही नसतील तर निदान बँकेचं पासबुक. पासबुकात शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती, दोन हजार रुपयांची.

"मॅडम, मी बँडवाला आहे," ते म्हणाले. "पुरावा म्हणजे काय, वाजवून दाखवू?"

विनोद नव्हता तो. त्यांनी खरोखर विचारलं होतं. कॅरिसाने मान खाली घातली. मी नियम समजावून सांगितला आणि अर्ज परत दिला. पहिल्या वर्षाची फी भरायला त्यांच्याकडे तीन आठवडे होते. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, की पुरावा आणला तर कर्ज मिळेल ना. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर ते परत येतील असं मला वाटलं नव्हतं.

मिस्किटांचा बँड त्यांच्या वडिलांपासूनचा. ही मंडळी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. घरात बोलतात मराठीच. त्यांच्या लग्नात आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि बँड नसला तर ते पाणी आणल्यासारखं वाटत नाही. व्हिक्टर चौदाव्या वर्षी वडिलांच्या मागे ड्रम घेऊन उभे राहिले, नववीत शाळा सुटली, विसाव्या वर्षी हातात ट्रंपेट आला. वडील गेल्यावर नऊ माणसांचा बँड त्यांच्याकडे आला. लग्नं, चर्चचे सण, अंत्ययात्रा, आणि भाद्रपदात काळाचौकी, लालबाग, गिरगावातल्या मंडळांच्या मिरवणुका. पैसे पाकिटात मिळायचे. ते रस्त्यातच वाटले जायचे आणि उरलेले घरी बायकोच्या, विनिफ्रेडच्या हातात पडायचे. तीस वर्षं असंच चाललं. कुणाचं देणं ठेवलं नाही, आणि कुठे लिहूनही ठेवलं नाही.

विनिफ्रेडचा कर्जाला विरोध होता. मुलीने एक वर्षाचा काहीतरी डिप्लोमा करावा आणि नोकरीला लागावं, असं तिचं म्हणणं. अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर सात लाख ठेवायचे आणि वर म्हणायचं शीक, हे तिला पटत नव्हतं. कॅरिसा हट्ट करणाऱ्यातली नव्हती. बँकेतून गेल्यावर तिने त्याच संध्याकाळी डिप्लोमाचा फॉर्म आणला आणि भरायला घेतला. व्हिक्टरनी तो तिच्या हातातून काढून घेतला. फाडला मात्र नाही. घडी करून कपाटावर ठेवला आणि म्हणाले, तीन आठवड्यांनी भर.

दुसऱ्या दिवशी ते गिरगावात कमलाकांत नावाच्या चार्टर्ड अकाउंटंटकडे गेले. कमलाकांत जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले, सत्तरीच्या घरातले. गिरगावातल्या दोन मंडळांचे हिशेब ते तपासून द्यायचे, आणि व्हिक्टरची त्यांची ओळख तिथलीच, मांडवातली. व्हिक्टरनी सगळं सांगितलं आणि विचारलं, की माझ्याकडे एकही कागद नाही, तर माझं उत्पन्न नाहीच असं समजायचं का.

कमलाकांतांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि एक प्रश्न केला.

"मिरवणुकीचे पैसे घेताना मंडळाच्या खजिनदाराने तुमची सही घेतली होती?"

"घेतात ना. दरवेळी घेतात."

"मग कागद आहेत की तुमच्याकडे. फक्त ते दुसऱ्यांच्या कपाटात आहेत."

मंडळं नोंदणीकृत असतात, त्यांचे हिशेब तपासले जातात, आणि बँडला दिलेल्या प्रत्येक पैशाचं व्हाउचर मंडळाला ठेवावं लागतं. चर्चच्या सणाचंही तेच. व्हिक्टर मिस्किटा या माणसाने कधी, कुठे वाजवलं आणि किती घेतले, हे सगळं शहरात लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतः ते कधी वाचलं नव्हतं, इतकंच.

ऑगस्ट महिना होता हे नशीब. गणपती दोन-तीन आठवड्यांवर आले होते आणि एरवी शोधूनही न सापडणारे खजिनदार रोज संध्याकाळी मांडवात हजर होते. व्हिक्टर आणि कॅरिसा काळाचौकीपासून सुरू झाले. पहिल्याच मंडळात त्यांना सांगितलं गेलं, की जुन्या फायली माळ्यावर आहेत, विसर्जनानंतर या. व्हिक्टर म्हणाले, माळ्यावर मी चढतो, तुम्ही फक्त परवानगी द्या. आणि ते चढले. धुळीने माखून खाली उतरले ते दोन वर्षांची व्हाउचरं घेऊनच. कॅरिसा खाली झेरॉक्सच्या दुकानात उभी. लालबागच्या एका मंडळाने स्वतःच्या लेटरहेडवर पत्र दिलं, की हे गृहस्थ एकोणीस वर्षं आमच्याकडे वाजवतात. एका चर्चच्या फादरनी रजिस्टरच उघडून पुढे ठेवलं. सगळीकडे असं झालं नाही. एका मंडळाने कागदाची झेरॉक्स काढू द्यायला टाळाटाळ केली, कारण त्यांनी व्हाउचरवर लिहिलेली रक्कम व्हिक्टरना दिलेल्या रकमेपेक्षा जास्त होती. व्हिक्टरनी तो कागद पाहिला, खाली आपली सही आहे का बघितलं, नव्हती, आणि तिथून निघाले. जी सही माझी नाही तो पैसाही माझा नाही, असं त्यांनी कॅरिसाला सांगितलं.

बारा दिवसांत एकसष्ट व्हाउचरं जमली.

पण त्यावरची रक्कम सगळी व्हिक्टरची नव्हती, अख्ख्या बँडची होती. कमलाकांत म्हणाले, कुणाला किती दिले ते सांगा. आणि तिथे या माणसाने मला आजही नवल वाटेल अशी गोष्ट केली. एकेक व्हाउचर हातात घेऊन ते सांगत गेले, या मिरवणुकीला सातजण होतो, ड्रमवाल्याला बाराशे, सॅक्सोफोनवाला आजारी होता म्हणून बदली आणला त्याला हजार, येताना टेम्पोचे आठशे. दोन वर्षं, एकसष्ट कार्यक्रम. कमलाकांतांनी त्यातले चार-पाच आकडे बँडमधल्या इतरांना विचारून ताडून पाहिले. एकही आकडा चुकला नव्हता. त्यांनी दोन वर्षांचे रिटर्न भरले. थोडा कर निघाला, तो व्हिक्टरनी भरला. फी मात्र कमलाकांतांनी घेतली नाही. पुढे त्यांच्या नातीच्या लग्नात बँडने पैसे घेतले नाहीत, तेव्हा ते फार रागावले होते असं ऐकलं.

फी भरायच्या शेवटच्या तारखेला चार दिवस असताना व्हिक्टर माझ्यासमोर पुन्हा येऊन बसले आणि फाइल पुढे केली. मी ती उघडली. अशी फाइल मी तोवर पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. वर रिटर्न, त्याखाली तारखेप्रमाणे लावलेली व्हाउचरं, कुणी मराठीत लिहिलेलं, कुणी इंग्रजीत, एकावर शेंदराचं बोट उमटलेलं. आणि प्रत्येकावर तीच तिरकी सही.

आमचे मॅनेजर तयार नव्हते. सहकर्जदाराचं वय जास्त, उत्पन्न अनियमित, एखादा पगारदार जामीन आणायला सांगा, असं त्यांचं मत पडलं. त्यांचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही, बुडालेल्या कर्जांचं उत्तर त्यांनाही वरिष्ठांना द्यावं लागतं. मी शैक्षणिक कर्जाचं परिपत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. या रकमेला त्रयस्थ जामीन लागत नव्हता. शिवाय फाइलला शिफारशीचं टिपण जोडलं. त्यात मी लिहिलं, की उत्पन्न अनियमित आहे, पण अर्जदाराने त्यातला रुपयान् रुपया कुणाकुणाला दिला हे सांगितलं आहे, आणि ते खरं निघालं आहे. मॅनेजरनी टिपण दोनदा वाचलं. मग एकसष्ट व्हाउचरं स्वतः चाळली. अर्ध्या तासाने फाइल सहीसह माझ्या टेबलावर आली. शुक्रवारी पहिल्या हप्त्याचा डिमांड ड्राफ्ट कॉलेजच्या नावे निघाला आणि सोमवारी गणपती आले.

ड्राफ्ट देताना मी व्हिक्टरना एक गोष्ट सांगितली. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष परतफेडीचा हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. ते साचत गेलं तर मुलगी कमवायला लागेल तेव्हा कर्ज सहा लाख ऐंशी हजारांचं राहणार नाही, नऊ लाखांच्या आसपास जाईल. दरमहा व्याज भरत गेलात तर मुद्दल आहे तिथे राहील आणि दरातही एक टक्का सवलत मिळेल. त्यांनी महिन्याचं व्याज किती ते विचारलं. पहिल्या वर्षी तेराशे रुपये होत होते, शेवटच्या वर्षी साडेपाच हजारांच्या वर जाणार होते.

"म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला एक उंबराचं पाणी," ते म्हणाले. "जमेल."

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला ते काउंटरवर दिसू लागले. पैसे भरायचे, पावती घ्यायची, मला लांबून हात करायचा आणि जायचं. लग्नाचा हंगाम असला की दोन महिन्यांचं एकदम. हळूहळू विनिफ्रेडही सोबत येऊ लागली. मुद्दल वाढत नाही हे तिने पासबुकात सलग आठ महिने पाहिलं, आणि मग एकदा मला विचारलं, की व्याज आगाऊ भरलं तर चालतं का.

दुसऱ्या वर्षी कॅरिसाचा एक विषय राहिला. पुढच्या हप्त्यासाठी बँकेला मार्कशीट लागते, ती घेऊन ती एकटीच माझ्याकडे आली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, की कर्ज बंद करायचं असेल तर काय प्रोसेस असते. डॅडी ओठ सुजेपर्यंत वाजवतात आणि मी नापास होते, हे तिला सहन होत नव्हतं. मी तिला सांगितलं, की एक विषय राहिला म्हणून कर्ज थांबत नाही, कॉलेजने वरच्या वर्गात घेतल्याचं पत्र आण म्हणजे झालं. घरी तिने वडिलांना सांगितलं तेव्हा ते पॉलिशचं फडकं घेऊन ट्रंपेट पुसत होते. त्यांनी विचारलं, कुठला विषय. ती म्हणाली, बायोमेकॅनिक्स. मग ते म्हणाले, की मला वरचा सा नीट लागायला चार वर्षं लागली, तुला तर सहा महिन्यांत दुसरा चान्स आहे. कॅरिसाने तो विषय पुढच्या परीक्षेत सोडवला, आणि शेवटच्या वर्षी वर्गात चौथी आली.

मधल्या काळात माझी बदली काळाचौकीच्या शाखेत झाली, पण मी राहते दादरलाच, त्यामुळे गाठ पडत राहिली. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा व्हिक्टरचा फोन आला. लग्नं नाहीत, सण नाहीत, त्या वर्षी मिरवणुकाही होणार नव्हत्या. हप्त्यांना स्थगिती मिळाल्याचं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. त्यांनी नेमकं तेच विचारलं जे बऱ्याच जणांनी विचारायला हवं होतं, की हे माफ आहे की पुढे ढकललेलं. मी म्हटलं, ढकललेलं, व्याज चालूच राहील. ते म्हणाले, मग दोन महिने घेतो, जास्त नाही.

त्या दोन महिन्यांत घर विनिफ्रेडने सावरलं. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, त्याला बॉटल मसाला म्हणतात. विनिफ्रेडचा हात त्यात नावाजलेला, पण ती तो घरापुरता आणि नातेवाइकांपुरताच करायची. त्या मे महिन्यात तिने सामान जमवून चाळीस किलो केला. गच्चीवर मिरच्या वाळवायला व्हिक्टर, चुलीवर भाजायला ती, आणि कॉलेजचे ऑनलाइन तास संपले की चाळायला आणि बाटल्या भरायला कॅरिसा. बाहेर फिरायचा पास मिळाल्यावर व्हिक्टरनी सायकलवरून परळ, नायगाव, माझगावपर्यंत बाटल्या पोचवल्या. जुलैत त्यांनी थकलेलं व्याज भरून टाकलं आणि पाच तारीख पुन्हा सुरू झाली. मसाला आजही विकला जातो. विनिफ्रेड आता व्हिक्टरकडूनही बाटलीचे पैसे घेते, असं ती म्हणते.

२०२१मध्ये कॅरिसाची इंटर्नशिप संपली आणि परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. कर्ज तेव्हा सहा लाख ऐंशी हजारच होतं, एक रुपया वर नाही. हप्ता सुरू व्हायला अजून वर्ष होतं, पण दुसऱ्या पगारापासूनच तिने तो भरायला घेतला. पाच तारखेला व्हिक्टर सवयीने निघाले तेव्हा तिने त्यांना दारात थांबवलं आणि म्हणाली, डॅडी, आजपासून तुम्ही नाही जायचं. विनिफ्रेड सांगते, की ते परत आत आले, बूट काढले, आणि आता करायचं काय हे न कळून बराच वेळ नुसते बसून राहिले.

कॅरिसाने हप्त्यावर समाधान मानलं नाही. संध्याकाळी ती लालबाग-परळमध्ये घरोघर जाऊन रुग्णांना व्यायाम द्यायला लागली. गुडघे बदललेल्या बायका, पॅरालिसिस झालेले मिलमधले जुने कामगार. चाळीत कमी घ्यायची, टॉवरमध्ये पूर्ण. ते सगळे पैसे थेट मुद्दलात. राधाबाई नावाच्या एक आजी जिना उतरणं विसरल्या होत्या. कॅरिसाने पाच महिन्यांत त्यांना खाली गणपतीपर्यंत चालवत नेलं, तेव्हा चाळीत टाळ्या पडल्या. ते काम तिला नोकरीपेक्षा जवळचं झालं. दहा वर्षांचं कर्ज तिने साडेचार वर्षांत संपवलं. गेल्या वर्षी नोव्हेंबरात बँकेकडून कर्ज निरंक झाल्याचं पत्र आलं. तोवर परळमध्ये तिचं स्वतःचं छोटं क्लिनिक सुरू करायचंही ठरलं होतं.

आणि त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्या काळाचौकीच्या शाखेत एके दिवशी व्हिक्टर आले, सोबत त्यांचा ड्रमवाला सिद्धार्थ आणि त्याची मुलगी स्पृहा. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. मी सवयीने उत्पन्नाचं विचारलं, तर सिद्धार्थने सलग नऊ वर्षांचे रिटर्न टेबलावर ठेवले. मला माहीतच नव्हतं. कॅरिसाचं कर्ज मंजूर झालं त्याच वर्षी व्हिक्टरनी बँडमधल्या आठही जणांना कमलाकांतांच्या ऑफिसात नेलं होतं, आणि तेव्हापासून पावतीशिवाय कुणी पैसे घेत नव्हतं. सुरुवातीला माणसं कुरकुरली होती. स्पृहाचं कर्ज अकरा दिवसांत मंजूर झालं. बँडमधल्या घरांतलं ते तिसरं.

डिसेंबरमध्ये कॅरिसाने मला घरी बोलावलं. पार्टी आहे, एवढंच सांगितलं. मी गल्लीत पोचले तर बँड उभा होता, पूर्ण गणवेशात, आणि ट्रंपेटवर कुणीतरी वसईहून आलेला मुलगा. झालं होतं असं, की कॅरिसाने आठ दिवस आधी सिद्धार्थला गाठून बँडला रीतसर सुपारी दिली होती, म्हणजे ठरलेली रक्कम आगाऊ देऊन, पावती घेऊन. अट एकच, व्हिक्टर मिस्किटा वाजवणार नाहीत. ते यजमान आहेत. दारात एक खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर त्यांना कोट घालून बसवलं होतं. शेजारी विनिफ्रेड उभी, ती बसायला तयार नव्हती.

बँड सुरू झाला. खिडक्या उघडल्या, पोरं नाचायला लागली. साठहून जास्त वर्षं या बँडने दुसऱ्यांच्या दारात वाजवलं होतं, स्वतःच्या दारात पहिल्यांदाच. व्हिक्टर ताठ बसले होते, हात मांडीवर, आणि डोळे वाहत होते ते पुसायचं त्यांना भानही नव्हतं. पहिलं गाणं त्यांनी तसंच ऐकलं. दुसऱ्याच्या मध्यावर वसईच्या मुलाचा वरचा सूर घसरला. व्हिक्टरनी कॅरिसाकडे पाहिलं. तिने मान हलवून नकार दिला. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"जा," ती हसून म्हणाली. "पण पैसे मिळणार नाहीत."

कोट विनिफ्रेडच्या हातात देऊन पासष्ट वर्षांचे व्हिक्टर मिस्किटा गल्लीत उतरले. मुलाच्या खांद्यावर थाप मारून त्यांनी ट्रंपेट घेतला आणि सूर जिथे घसरला होता तिथूनच उचलला. जेवणं वाढायला त्या दिवशी फार उशीर झाला. कुणी थांबायलाच तयार नव्हतं.